रडणारी यमू आणि वाद घालणाऱ्या ताराबाई

आजचा विषय आहे साहित्यातली स्त्री आणि समाजातली स्त्री. विषय अफाट आहे, तासाभरात आवरणारा नाही. म्हणून मी दोनच पुस्तकं घेणार आहे. दोन्ही मराठी, दोन्ही एकोणिसाव्या शतकातली, आणि दोघांमध्ये अंतर जेमतेम दशकभराचं. एक पुस्तक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दुसरं मात्र जवळजवळ शतकभर विस्मरणात पडलं होतं. असं का झालं, एवढाच आजचा प्रश्न.

सुरुवात सुरतेपासून करू. १८८१ साली तिथल्या न्यायालयानं विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली. आरोप होता स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याचा. पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात फाशी टळली, काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि शेवटी तीही कमी होऊन पाच वर्षांवर आली. पण वर्तमानपत्रांतून चर्चा रंगली ती बायकांच्या बिघडलेल्या वागण्याची. बाळाला बापही असणार, हे कुणाच्या फारसं डोक्यात आलेलं दिसत नाही.

आता एक लक्षात घ्या. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, म्हणजे या घटनेच्या पंचवीस वर्षं आधी. कायद्यानं दार उघडलं होतं, पण त्या दारातून बाहेर पडणाऱ्या बाईला उभं राहायला अंगण नव्हतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते याच कारणासाठी. असं घर काढावं लागतं, यातच त्या समाजाची सगळी हकिकत आली.

ही चर्चा वऱ्हाडात, बुलढाण्याला बसून एक बाई वाचत होती. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे. त्यांनी मुलीला शिकवलं होतं. ताराबाईंना राग आला, आणि त्यांनी तो लिहून काढला. १८८२ साली पुण्यात पुस्तक छापलं गेलं, ‘स्त्रीपुरुषतुलना’.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. त्यामुळे मला या पुस्तकातल्या रागापेक्षा त्याची युक्तिवादाची रीत जास्त महत्त्वाची वाटते. नाव बघा: तुलना. बाईंनी ‘स्त्रियांची दुःखं’ असं नाव ठेवलं नाही. तुलना म्हणजे काय? दोन वस्तूंना एकच माप लावणं. भर्तृहरीच्या नावावरच्या एका श्लोकात स्त्रीच्या दुर्गुणांची यादी आहे. संशय, उद्धटपणा, अविचारी साहस, कपट वगैरे. ताराबाई ही यादी हातात घेतात आणि एकेक दुर्गुण पुरुषाच्या अंगाला लावून बघतात. बघा बरं, हा कुणाला जास्त शोभतो? बायका देवी आहेत, असा त्यांचा दावा मुळीच नाही. ज्या काट्यानं आम्हाला तोलता त्याच काट्यात तुम्हीही बसा, एवढंच त्या म्हणतात.

साहित्यालाही त्या हाच काटा लावतात. सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली, पण बायकोसाठी त्या वाटेला कुठला पुरुष कधी गेला का, असं त्या विचारतात. नवऱ्याला देव मानायचं तर त्यानं देवासारखं वागायला नको का, असंही विचारतात. त्यांच्या काळातल्या कथा-नाटकांतून बाई एक तर सती असे, नाही तर कपटी. या दोन्ही बायका पुरुषाच्या लेखणीतून उतरलेल्या आहेत, हे त्यांनी बरोबर ओळखलं. सगळं मान्य होण्याजोगं त्या लिहितात असं नाही. पातिव्रत्य मोडीत काढा, असं त्या म्हणत नाहीत. त्या आपल्या काळातल्याच होत्या. पण काटा एकच हवा, हे म्हणणं आजही जुनं झालेलं नाही.

मग पुढे काय झालं? टीका झाली. सत्यशोधकांमधल्याही काहींना पुस्तक रुचलं नाही. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर सगळं शांत. बाईंचं दुसरं पुस्तक नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे ते वाचकांच्या हाती आलं.

आता दुसरं पुस्तक. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. यमू आपली कहाणी स्वतःच सांगते: बालपण, लग्न, सासर, नवऱ्याचा सहवास, मग वैधव्य, आणि शेवटी तिचं बळजबरीनं केलेलं केशवपन. मराठी वाचक ढसाढसा रडला. माझी आई ही कादंबरी वाचताना पदरानं डोळे पुसायची, ते मी लहानपणी पाहिलंय. कादंबरी मोठी आहेच, त्याबद्दल वाद नाही. बाईच्या तोंडून, घरातल्या साध्या बोलीत, एका पुरुषानं इतकं आतलं लिहावं ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. हरिभाऊंचं श्रेय मला तसूभरही कमी करायचं नाही.

पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघा. एका खऱ्या बाईनं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आवाजात प्रश्न विचारला. तिच्याकडे लक्ष दिलं गेलं नाही. आठ वर्षांनी एका पुरुषानं कल्पिलेली बाई ‘पण लक्षांत कोण घेतो’ म्हणाली, आणि सगळ्यांनी लक्ष दिलं! याला कारणं अनेक आहेत. कादंबरी गोष्टीच्या ओढीनं वाचली जाते, निबंधाला ते भाग्य नाही. ‘करमणूक’चा वाचक पुण्या-मुंबईचा पांढरपेशा, आणि ताराबाई बुलढाण्याच्या, ब्राह्मणेतर, सत्यशोधक घरातल्या. जातीचं अंतर होतं, ते झाकून चालणार नाही.

पण मला यापलीकडचं एक कारण दिसतं. यमू सोसते, रडते, मरते. आपल्याला तिची कणव येते, आणि कणव येणाऱ्या माणसाला आपण चांगले आहोत असं वाटतं. ताराबाई कणव मागतच नाहीत. त्या हिशेब मागतात. हिशेब देणाऱ्याला आपण चांगले आहोत असं वाटत नाही. सोसणारी बाई आपल्याला साहित्यातही चालते आणि घरातही चालते. वाद घालणारी बाई दोन्हीकडे अडचणीची होते.

हे मी इतरांवर ढकलून बोलत नाही. आमच्या घरी माझी थोरली बहीण असे प्रश्न विचारायची. मुलग्यांना आधी गरम पोळी का, हिला कॉलेज का नाही, असले. घरात तिला ‘तोंडाळ’ म्हणत. मीही म्हणायचो. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरजच उरायची नाही, त्या एका शब्दात काम व्हायचं. आणि पुढे मी कॉलेजात तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. स्त्रियांच्या पराधीनतेवरचा जॉन स्टुअर्ट मिलचा १८६९ सालचा ग्रंथ दरवर्षी मोठ्या आवडीनं शिकवला. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, माझ्याच भाषेत लिहिलेली ‘स्त्रीपुरुषतुलना’ एकदाही शिकवली नाही. अभ्यासक्रमात नव्हती, हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. मिलचा युक्तिवाद मला तत्त्वज्ञान वाटत होता आणि ताराबाईंचा नुसता त्रागा. म्हणजे मी सुद्धा दोन माणसांना दोन काटे लावत होतो. नेमकी हीच तर त्यांची तक्रार होती!

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. ‘तोंडाळ’, ‘आगाऊ’, ‘फार बोलते’ हे शब्द आपण कुणासाठी वापरतो ते बघा, आणि तेच बोलणाऱ्या पुरुषासाठी कोणते शब्द वापरतो तेही बघा. मी हे बहिणीला कधी बोलून दाखवलं नाही. ती आता नाही. म्हणून तुमच्यासमोर बोललो. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि आज पहिला प्रश्न बायकांच्या बाजूनं येऊ दे.