वेंगुर्ल्याचा हिरडा आणि सायकलची चामड्याची सीट

ज्यांचं नेटवर्क आंबोली घाट लागला की गायब होतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही ठेवतोय. बोलताना जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. मालवणहून परुळे, म्हापण, केळूस करत वेंगुर्ल्यापर्यंत सायकल मारतो. म्हणतो, "दादा, जेलची सीट घेतली, वर जेलचं कव्हर पण घातलं, तरी तासाभरात बूड बधिर होतं. मित्र म्हणतो चामड्याची सीट घाल. पण ती हाताला दगडासारखी लागते. मग ती आरामाची कशी काय?"

प्रश्न साधा वाटला. उत्तर शोधायला बसलो तर गाडी इंग्लंडला गेली, तिथून परत वेंगुर्ल्याला आली. म्हणून इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये आज सायकलची सीट.

आधी बुडाचं बघू. आपण सायकलवर बसतो तेव्हा शरीराचा भार मुख्यतः दोन हाडांवर येतो. कडक बाकावर बसलात की खाली टोचतात ना, तीच ती. भार त्या हाडांवर राहिला तर माणूस तासन् तास बसू शकतो. सीट खूप मऊ असली की हाडं फोममध्ये रुततात, आणि दाबलेला फोम मधल्या नाजूक भागात वर येतो. तिथे नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत. त्यांच्यावर दाब आला की मुंग्या, मग बधिरपणा. म्हणजे दुकानात बोटाने दाबून "वा, काय मऊ आहे" म्हणून घेतलेली सीट पहिल्या दहा मिनिटांची असते. त्यावर आणखी कव्हर चढवलं तर त्रास वाढायचीच शक्यता जास्त.

चामड्याच्या सीटचं तत्त्वच वेगळं आहे. तिच्यात गादी नसतेच. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा चामड्याचा एकच तुकडा पुढच्या टोकापासून मागच्या लोखंडी पट्टीपर्यंत ताणून रिवेटने ठोकलेला असतो. खाली पोकळ. झोळीसारखं समजा, फक्त घट्ट ताणलेली झोळी. तुम्ही बसत राहता, आणि तुमची दोन हाडं जिथे टेकतात तिथे हळूहळू दोन उथळ खळगे पडतात. काहीशे किलोमीटर झाले की ती सीट तुमची होते. दुसऱ्याने तुमच्या सायकलवर टांग टाकली तर त्याला ती तितकीशी जमणार नाही.

हे आपल्याकडच्या माणसाला नवीन नाहीये. कोल्हापुरी चप्पल नवी असताना काय करते? चावते. अंगठ्याला फोड आणते. तेल लावून, थोडी थोडी घालून, आठ-पंधरा दिवसांनी तिच्यावर तुमच्या पायाचा ठसा उमटतो, आणि मग ती सोडवत नाही. सीट आणि चप्पल दोन्हीकडे कारण एकच आहे, आणि ते चामडं कमावण्याच्या पद्धतीत आहे. तिकडे येतोच. आधी ही सीट आली कुठून ते सांगतो.

या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव ब्रूक्स. जॉन बोल्टबी ब्रूक्स या माणसाने १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये घोड्यांच्या सामानाचा, म्हणजे खोगीर, लगाम, पट्टे यांचा धंदा काढला. कंपनीची आवडती गोष्ट अशी की १८७८ साली त्याचा घोडा मेला, दुसरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने कुणाची तरी सायकल उसनी घेतली. तिची सीट इतकी वाईट होती की पठ्ठ्या स्वतःच कामाला लागला आणि १८८२ साली त्याने सायकलच्या सीटचं पेटंट दाखल केलं. घोड्याची गोष्ट मला जरा जास्तच गोड वाटते, कंपन्यांच्या जन्मकथा बहुतेक अशाच असतात. पण खोगीर करणारा माणूस सायकलच्या सीटकडे वळला यात आश्चर्य काहीच नाही. बसायचं चामड्यावरच, फक्त खाली घोड्याऐवजी चाकं. त्यांचं बी-१७ हे मॉडेल १८९० च्या दशकापासून आजपर्यंत चालू आहे, दिसायलाही फार बदललेलं नाही.

आता चामडं. जनावराचं कातडं नुसतं वाळवलं तर पत्र्यासारखं होतं, ओलं ठेवलं तर सडतं. ते टिकाऊ करण्याला आपण सुंदर शब्द वापरतो, कमावणं. शरीर कमवावं तसं चामडं कमवायचं. जुनी पद्धत झाडांची. सालीत, फळांत, पानांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. कच्ची सुपारी किंवा हिरवं केळं खाल्ल्यावर तोंड आखडतं ते त्यामुळेच. कातडं त्या तुरट पाण्याच्या हौदात आठवडे, महिने मुरवायचं. असं चामडं जाड, घट्ट राहतं, आणि ओलसर असताना त्याला जो आकार द्याल तो वाळल्यावर धरून ठेवतं. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्झने तिचं पेटंट घेतलं. महिन्यांचं काम काही दिवसांत, कधी एका दिवसातही होतं. चामडं मऊ, लवचिक निघतं, पाण्यालाही जास्त टिकतं. बुटाच्या वरच्या भागाला, जॅकेटला, पर्सला उत्तम. पण ते आकार नीट धरत नाही, दाबलं की परत मूळ जागी येतं. म्हणून चामड्याची चांगली सीट आजही झाडपाल्याने कमावलेल्या चामड्याचीच लागते. कोल्हापुरी चप्पलही तशीच, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची.

हिरडा म्हटलं की आपल्याला त्रिफळा आठवतो, आजीची खोकल्याची गोळी आठवते. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडला हिरडा आठवायचा तो चामड्यासाठी. तिथे परंपरेने ओकची साल वापरायचे. कारखाने वाढले, सैन्याचे बूट, गिरण्यांचे पट्टे, घोड्यांचं सामान, सगळ्याला चामडं हवं, मग ओक पुरेना. तेव्हा जगभरातून तुरट माल बोटींत भरून जाऊ लागला. तुर्कस्तानातून व्हॅलोनिया, दक्षिण अमेरिकेतून केब्राचो, आणि हिंदुस्थानातून हिरडा. वाळलेल्या हिरड्यात साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असतं, आणि रंग फिका येतो. इंग्रज कारखानदारांना ते फार सोयीचं.

बाजारात हिरड्याच्या जाती ठरल्या होत्या, आपल्या हापूसला देवगड आणि रत्नागिरी असतं तशा. आंध्रच्या भीमुनिपट्टणमचा तो 'भिमलीज'. जबलपूरचा तो 'जबलपोर्स'. आणि एका जातीचं नाव होतं 'विंगोर्लाज'.

विंगोर्ला म्हणजे आपलं वेंगुर्ला! इंग्रजांच्या जुन्या कागदांत ते असंच लिहिलं जायचं. चामडं कमावण्याच्या इंग्रजी पुस्तकांमध्ये हे नाव बिनधास्त मालाचं नाव म्हणून येतं, आपण 'कोल्हापुरी' म्हणतो तसं. मला वाटतं, तिथल्या किती कामगारांनी हे नाव रोज उच्चारलं असेल आणि त्यांना हे गाव आहे हेही ठाऊक नसेल.

वेंगुर्लाच का? आज तिथे गेलात तर बंदर शांत वाटतं. पण डचांनी सतराव्या शतकात इथे वखार बांधली होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत. १८१२ मध्ये गाव इंग्रजांकडे आलं. पुढे आंबोली घाटातून बेळगावकडे गाडीरस्ता झाला आणि घाटावरचा माल वेंगुर्ल्याला उतरू लागला. हिरड्याची झाडं सह्याद्रीत वरच्या अंगाला, त्यामुळे रानातला हिरडा खाली समुद्रावर यायचा हाच सरळ मार्ग. १८८० च्या दशकाच्या शेवटी गोव्याच्या मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि वेंगुर्ल्याचा बराच व्यापार तिकडे वळला. बंदर मागे पडलं, मालाच्या यादीतलं नाव मात्र पुढेही राहिलं.

आता थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो. ब्रूक्सच्या अमुक सीटमध्ये वेंगुर्ल्याचाच हिरडा होता असं मी म्हणत नाहीये. म्हणणं एवढंच की ज्या चामडे-उद्योगातून ही सीट आली, त्याच्या हौदात आपल्या रानातली फळं भिजत होती. आज आपण ती 'खास इंग्लिश परंपरा' म्हणून, बऱ्याचदा एका साध्या नव्या सायकलीपेक्षा जास्त पैसे देऊन मागवतो. ती परंपरा आहेच. फक्त तिच्यात रॉ मटेरियलचा पत्ता कुणी छापला नाही.

उलट्या दिशेची गोष्टही बघा. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये 'रोव्हर सेफ्टी' सायकल आली, दोन जवळपास सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी. आजची आपली सायकल तीच. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. आणि त्याच १८८८ सालापासून किर्लोस्कर आपला इतिहास मोजतात, कारण बेळगावात लक्ष्मणराव आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा यांनी सुरुवात केली ती सायकलच्या दुकानाने. लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, किर्लोस्करवाडी, हे सगळं नंतर. आणि किर्लोस्कर हे आडनाव कुठलं? मालवण तालुक्यातल्या किरलोस गावाचं. घराणं बऱ्याच पिढ्यांपूर्वी घाटावर गेलं. म्हणजे बेळगावच्या एका टोकाकडून हिरडा वेंगुर्ल्याला उतरत होता, आणि तिथेच एक मूळचं मालवणकडचं घराणं विलायती सायकली विकत होतं. योगायोग आहे, पण मला आवडतो.

स्वातंत्र्याच्या आगेमागे सायकली इथेच बनू लागल्या. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास. पोस्टमन, मास्तर, दूधवाला, पाववाला, सगळ्यांच्या काळ्या सायकलींना रुंद स्प्रिंगची चामड्याची सीट असायची. तुमच्या पडवीत आजोबांची सायकल पडलेली असेल तर सीटच्या नाकाखाली हात घालून बघा. एक बोल्ट आणि नट लागेल. तो चामडं ताणायचा. मग रेक्झिन आणि फोम आला. स्वस्त, पाण्याला घाबरत नाही, कुणालाही पहिल्या दिवसापासून चालतो. कोकणच्या पावसात लोकांनी तो घेतला यात त्यांची चूक काढता येणार नाही. १९८० मध्ये हिंद आणि सेन-रॅले दोन्हींचं कायद्याने राष्ट्रीयीकरण झालं, तोवर कंपन्याही आजारी होत्या.

पण मग आपल्याकडे चामडं कमावणारे हात होतेच की. इथून कुणी सीट का नाही घडवली जगासाठी? इथे जरा जपून बोलायला हवं. मेलेलं जनावर ओढायचं काम महार समाजावर लादलेलं, कातडं कमवायचं ढोर समाजाकडे, वस्तू शिवायच्या चांभारांनी. प्रत्येक टप्प्यावर कौशल्य आणि प्रत्येक टप्प्यावर अपमान. बर्मिंगहॅमचा खोगीरवाला पेटंट घेऊन कारखानदार झाला. आपल्याकडे तितकंच किचकट ज्ञान असलेल्या माणसाला गावाबाहेर राहावं लागलं, आणि त्याच्या हातची वहाण घालून देवळापर्यंत जाणारे त्याला मात्र देवळात घेत नव्हते. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, आणि मेलेली गुरं ओढायला नकार देणं हाही पुढे चळवळीचा भाग झाला. गावचा जुना साचा त्याने हलला, आणि तो हलायलाच हवा होता. 'पारंपरिक कारागिरी लोप पावली' असं हळहळताना कुणी हे सांगत नाही, म्हणून मी सांगतोय. लोकांनी कसब टाकलं नाही, त्याला चिकटलेली गुलामी टाकली. दोन्ही वेगळं करून कसब सन्मानाने ठेवायची जबाबदारी बाकीच्यांची होती.

ती निभावली गेली का? २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या, आधी कोल्हापूरचं नाव न घेता, आणि आपल्या सगळ्यांच्या फोनवर आठवडाभर राग होता. रास्तच होता. पण विंगोर्लाजबद्दल शंभर-सव्वाशे वर्षांत कुणी रागावलेलं मला तरी सापडलं नाही.

असो. आपल्या श्रोत्याकडे येतो, तो वाट बघतोय.

तर मित्रा, आधी सीटची उंची तपास. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट आडवी, सपाट हवी. हे चुकलं असेल तर कुठलीच सीट मदत करणार नाही. मग रुंदी. सरळ बसून चालवत असशील तर रुंद सीट, पुढे वाकून चालवत असशील तर अरुंद. हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, बायकांचं साधारणपणे जास्त असतं, त्यामुळे मैत्रिणीला जमली म्हणून तुला जमेल असं नाही. चामड्याची घेतलीस तर पहिल्याच दिवशी वेंगुर्ला गाठू नकोस. आधी रोज बाजारापर्यंत, मग देवबागपर्यंत, असं वाढव. मेणाचं मलम हलक्या हाताने, वरून थोडं आणि खालच्या खरखरीत बाजूने पण. घरात खोबरेल आहे म्हणून ओतू नकोस, तेलाने चामडं सैल पडतं आणि झोळीची खरंच झोळी होते. तो नाकाखालचा बोल्ट उगाच पिळायचा नाही, वर्षा-सहा महिन्यांनी फार तर पाव फेरा.

आणि पाऊस. भिजलेल्या चामड्यावर बसलास तर आकार कायमचा बिघडतो. भिजली तर सावलीत, वाऱ्यावर वाळव, चुलीजवळ किंवा उन्हात नाही. जून ते सप्टेंबर मालवणात ही सीट काढून घरात ठेवावी आणि सायकलला फोमची जुनी सीट लावावी, असं माझं प्रामाणिक मत आहे. घरातही बंद कपाटात नको, बुरशी धरेल. इतर महिन्यांत सायकल बाहेर उभी राहणार असेल तर दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी सीटवर घालून खाली गाठ मार. रेक्झिनच्या सीटला सुद्धा आपल्याकडे सगळे तसंच करतात, हिला तर ती हवीच हवी.