छत उतरवण्याआधी

इतिहासाचं साधन म्हटलं की आपण बखर, पत्रं, दफ्तर अशी नावं घेतो. छताचं नाव कुणी घेत नाही. विसाव्या शतकावर काम करायचं असेल, तर घ्यायला हवं.

सुरुवात लांबून करतो. अमेरिकेतल्या जुन्या घरांत छताला आतून लाह्या चिकटवल्यासारखा खरबरीत थर दिसतो. त्याला म्हणतात पॉपकॉर्न सीलिंग. १९५० नंतर तो फार चालला. यंत्राने फवारला की गिलाव्याचे दोष झाकले जायचे, आवाजही कमी घुमायचा. त्या मिश्रणात बरेचदा ॲस्बेस्टॉस असे. तिथल्या सरकारने १९७३ मध्ये आगरोधक फवाऱ्यावर आणि १९७८ मध्ये सजावटीच्या फवाऱ्यावर निर्बंध आणले. मग १९८० सालचं घर सुरक्षित समजायचं का? नाही. आधी बनलेला माल नंतरही वापरला गेला. कायद्याची तारीख म्हणजे वस्तूची तारीख नव्हे, एवढं वहीत लिहून ठेवा.

आता पनवेल तालुक्यातलं शिरढोण घ्या. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांच्याबद्दल कागद सापडतात: १८७९ चा खटला, सरकारी पत्रव्यवहार, त्यांचं स्वतःचं लिखाण. पण त्याच गावातल्या एखाद्या साध्या घराची कौलं कधी उतरली आणि सिमेंटचा पत्रा कधी चढला, हे कुठल्या दफ्तरात बघणार?

आपल्याकडे पॉपकॉर्न सीलिंग फारसं आलंच नाही. आला तो पत्रा: पडवीवर, गोठ्यावर, चाळीवर, कारखान्यांच्या शेडवर. सिमेंटमध्ये साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉसचे तंतू. आणि इथे कायदा तारखेला काहीच मदत करत नाही, कारण भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर आजही सरसकट बंदी नाही. म्हणून दुसरीकडे शोधायचं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा. घरपट्टीसाठी बांधकामाचा प्रकार त्यात नोंदवतात. पत्र्यावर कंपनीचा शिक्का उरलाय का, तेही बघा. घरातल्या आजींना मात्र साल विचारू नका. पत्रा टाकला तेव्हा घरात कुणाचं लग्न झालं होतं, कोण कितवीत होतं, असं विचारा. साल आपोआप निघतं.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. ॲस्बेस्टॉसचा आजार तंतू छातीत गेल्यावर वीस-चाळीस वर्षांनी दिसतो. माणूस तेव्हा कुठे होता, हे सांगणारा कागद तितकी वर्षं टिकायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांना नेमकं हेच सांगितलं: कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपा. माझ्या मते अभिलेखशास्त्राच्या वर्गात हा निकाल शिकवायला हवा. पण तो कारखान्यापुरता. घरावरचा पत्रा फोडणाऱ्या मजुराची नोंद कुणीच ठेवत नाही. तिथे पुरावा म्हणजे तो पत्राच, आणि तोच फोडून भरावात जातो.

तेव्हा फील्डवर असताना कुणी छत उतरवत असेल, तर फोटो, मापं आणि शिक्का आधी टिपून घ्या. पत्रा किंवा खरबरीत थर, नुसत्या डोळ्यांनी ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. नमुना म्हणून स्वतः तुकडा मोडू नका. चांगला, न तडकलेला पत्रा जागेवर असेल तर तो तसाच राहू दे, हे घरच्यांना सांगा. काढायचाच असेल तर हे काम जाणणाऱ्या माणसाकडून, ओला करून, नट-बोल्ट सोडवून, अख्खा उतरवायचा. हातोडा नको, कटर नको, खाली पडलेला चुरा कोरड्या झाडूने लोटायचा नाही. साधा कापडी रुमाल हे तंतू अडवत नाही. काम चालू असताना पोरांना लांब ठेवा, आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी घ्या.