कर्ता ओळखा

सुरतेच्या महापालिकेच्या मराठी शाळेत मी तीस वर्षं व्याकरण शिकवलं. वर्गातली बहुतेक पोरं खानदेशातली, लूमवर राबणाऱ्यांची. ‘कर्ता ओळखा’ हा प्रश्न परीक्षेत हमखास असायचा आणि पोरं हमखास चुकायची ती एकाच जागी. ‘काम केले जाईल.’ कर्ता कोण? पोरं ‘काम’ म्हणून मोकळी.

आमचे वडील अमळनेरहून सुरतेला आले ते तापी व्हॅलीच्या गाडीनं. दर दिवाळीला त्याच लाइनीनं गावी जायचो. उधना सोडलं की बारडोली, व्यारा, मग नंदुरबार, दोंडाईचा. वडील तिला ‘आपली गाडी’ म्हणत. या आपल्या गाडीनं एकदा बारडोलीच्या शेतकऱ्यांविरुद्ध साक्ष दिली होती, हे मला फार उशिरा कळलं.

बारडोली तालुका सुरत जिल्ह्यातला. 1925-26 साली तिथल्या जमीनसाऱ्याची फेरआकारणी निघाली आणि ते काम आलं एम. एस. जयकर नावाच्या डेप्युटी कलेक्टरकडे. सारा वाढवायला त्यांनी दिलेली कारणं अशी: तापी व्हॅली रेल्वे झाली, वस्ती वाढली, दुभती जनावरं वाढली, पक्की घरं उठली, मजुरी दुप्पट झाली. वरचे अधिकारी अँडरसन यांनी ही कारणं बाजूला सारून खंडाच्या आकड्यांवर हिशोब बसवला. शेवटी जुलै 1927 मध्ये सरकारनं 22 टक्के वाढ जाहीर केली.

जाब विचारायला माणसं होती. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सुरतेचे भीमभाई नाईक होते, शिवदासानी होते. शिष्टमंडळ घेऊन ते रेव्हेन्यू मेंबरना भेटून आले. विचारायचा हक्कही हाताशी होता. 1892 च्या कायद्यानं सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले, पण उत्तर मिळालं की मुकाट बसायचं. 1909 मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्नाची मुभा मिळाली आणि 1919 च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. मेख होती ती पुढेच. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य ही खाती ‘सोपीव’, म्हणजे लोकनियुक्त मंत्र्यांकडे. जमीनमहसूल मात्र ‘राखीव’. त्याचा मेंबर गव्हर्नरचा माणूस, कौन्सिलला त्याला हलवता येत नसे. नवा कायदा होईपर्यंत फेरआकारणी थांबवा, असा ठराव कौन्सिलनं केला, तोही तसाच कागदावर राहिला. सभासदांनी ‘वाढ कोणी केली, कशावरून केली?’ म्हणून विचारावं आणि सरकारनं ‘वाढ करण्यात आली आहे’ एवढंच म्हणावं, असा हा कारभार. वाक्य पुरं, कर्ता गायब.

मग तालुक्यानंच सारा भरायचं नाकारलं. 12 फेब्रुवारी 1928 ला वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. जप्तीवाले जनावरं ओढून नेऊ लागले, तेव्हा लोकांनी म्हशींसकट स्वतःला घरात कोंडून घेतलं. अहवालात सुबत्तेचा पुरावा म्हणून मोजलेली जनावरं आता बंद दाराआड उभी होती. कन्हैयालाल मुन्शींसारख्यांनी कौन्सिलच्या जागेचे राजीनामे दिले.

23 जुलैला पुण्यात कौन्सिल भरलं आणि गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी फासा उलटा टाकला. भाषणात त्यांनी सुरतेच्या सभासदांनाच सवाल केला: आमच्या अटी मान्य आहेत का, चौदा दिवसांत सांगा. वाढीव रक्कम आधी भरा, निदान शेतकऱ्यांच्या वतीनं कोणी तरी ती तिजोरीत जमा करा, आंदोलन थांबवा, मग चौकशी. इतके दिवस प्रश्न करणारे आता स्वतःच जाब देणारे झाले. शेतकऱ्यांच्या वतीनं ‘मान्य’ म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता आणि ‘नाही’ म्हटलं तर पुढे जप्ती आणि बंदुका.

तोड पुण्यातच निघाली. सर चुनीलाल मेहता सरकारातलेच, मध्यस्थी त्यांची. सुरतेच्या सभासदांनी सरकारला चार ओळींचं पत्र दिलं. त्याचा मथितार्थ एवढाच, की सरकारनं घातलेल्या अटी पुऱ्या होतील असं सांगायला आम्हाला आनंद वाटतो. कोण पुऱ्या करणार, ते पत्रात नव्हतं. वल्लभभाईंना हवी होती चौकशी, कैद्यांची सुटका, जमिनी परत आणि तलाठी पुन्हा कामावर. पत्राच्या भाषेशी त्यांना कर्तव्य नव्हतं. सरकारची अब्रू राहिली, शेतकऱ्यांचा शब्दही राहिला. बिनकर्त्याची भाषा सरकारचीच, या वेळी ती लोकांच्या कामी आली.

पुढं ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन इंग्रज अधिकारी गावोगाव हिंडले. खंडाचे आकडे त्यांना भरवशाचे वाटले नाहीत. 22 टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. कौन्सिलात ज्याचं उत्तर मिळालं नाही, ते गावच्या चावडीवर मिळालं.

निवृत्त झालो तरी गावी जाताना गाडी बारडोलीला थांबली की मी खिडकीशी सरकतो. गेल्या दिवाळीला नातवाला सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, “‘अटी पुऱ्या होतील.’ सांग बघू, कर्ता कोण?”

“अटी,” तो म्हणाला.

व्याकरणानं त्याचं बरोबर होतं. मी पूर्ण गुण दिले.