नाकाशी धरलेला कापूस

दिव्याच्या वाती वळताना आजी पिंजलेल्या कापसाचा एक बोळा बाजूला काढायची आणि सांगायची, "ह्यो दोन कामाचा. माणूस गेला की नाकात घालायचा. आन् पोर आफूनं निजलं आसंल तर नाकाशी धरायचा. हलला तर पोर हाय."

आजी साताऱ्याकडची. लग्न होऊन मुंबईत डिलाईल रोडच्या चाळीत आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. साल १९२४ किंवा २५. डावा पाय लहानपणी मोडून वाकडाच जुळलेला, म्हणून गिरणीत उभ्याचं काम तिला कोणी देईना. मग मजल्यावरच्या वाइंडिंग आणि रीळिंग खात्यातल्या बाया पहाटे भोंग्याआधी आपली पोरं तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत आणून टाकायच्या. आठवड्याला पोरामागे एक आणा. पोरं झोपलेलीच यायची. झोपलेली म्हणजे झोपवलेली. बाजारात बाळगोळी मिळे, तिच्यात अफू असे. आईच्या दुधात किंवा गुळाच्या पाण्यात उगाळून ती चाटवली की दुपारच्या सुट्टीपर्यंत पोर हूं की चूं करत नसे.

त्या बायांना आजी कधी नावं ठेवत नसे. मी शाळेत शिकलेल्या आरोग्यशास्त्राच्या तोऱ्यात एकदा म्हणाले, "काय आया होत्या ग त्या!" तशी ती चिडली. "पोर रडलं तर शेजारी शिव्या देनार, कामावर न्यावं तर मुकादम हाकलनार, न्हाई गेलं तर चूल न्हाई. तू काय केलं आसतंस?"

तिच्या खोलीतले रिवाज कोणी शिकवलेले नव्हते. पोर उताणं टाकायचं नाही, कुशीवर निजवायचं, म्हणजे ओकलं तर घशात जात नाही. आणलेल्या प्रत्येक पोराची गोळी कधी दिली ते आईला विचारायचं. घरातली कामं करायची ती पोरांकडे पाठ न करता. आणि दर थोड्या वेळानं एकेकाच्या नाकाशी कापूस धरायचा. हा कापूस विकत आणावा लागत नसे; बायांच्या लुगड्यांना गिरणीतून चिकटून आलेलं पिंजण खोलीभर उडत असे, त्यातलंच चिमूटभर. कापूस हलेनासा वाटला की तळपाय चोळायचे, तोंडावर पाणी मारायचं, कानाशी ओरडायचं, उचलून खांद्यावर घेऊन सगळ्या गॅलरीभर लंगडत फिरायचं.

एक पोर गेलं. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली. रात्री बापानं गोळी दिली होती, पहाटे आईनं दिली. दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आजी नळावर पाण्याच्या रांगेत अडकली. "हंडा भरून आले. कापूस धरला. त्यो तसाच ऱ्हायला." एवढंच. पुढं तिनं पाणी भरायला दुसरी बाई लावली आणि तिला आण्यातला अर्धा वाटा दिला.

कितीतरी वर्षांनी मी वाचलं, की १९२२ मध्ये मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंचा अहवाल छापून आला होता. गिरणीकामगार बायांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असं त्यात लिहिलं होतं. आजीची खोली अपवाद नव्हती तर. उलट, अपवाद असलाच तर पोरांशेजारी कोणीतरी बसलेलं होतं हाच.

या शहराला अफूचं वावडं कधी नव्हतंच. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची, सरकार तिच्यावर पेटीमागे कर घ्यायचं आणि त्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या पैशांतून या शहरात बरंच काही बांधलं गेलं. विलायतेत ओरड झाली म्हणून १८९३ मध्ये रॉयल कमिशन नेमलं गेलं. १८९५ मध्ये त्यानं निर्वाळा दिला, की हिंदुस्थानात बंदी घालण्यासारखं काही नाही. तिजोरीला सोयीचा निर्वाळा होता तो.

पण पोरांची अफू सुटली कशानं? गोळीवाल्यांवर धाडी पडल्या म्हणून, असं आजी कधीच म्हणाली नाही. ती म्हणायची, "पाळनाघर आलं." मुंबई इलाख्याचा बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९२९ चा, देशातला पहिला. डॉ. आंबेडकरांनी कौन्सिलात त्याची बाजू घेतली होती. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यानं प्रांतांना कारखान्यात पाळणाघरं सक्तीची करण्याची मुभा दिली आणि १९४८ च्या कायद्यानं पन्नासाहून जास्त बाया असतील तिथं पाळणाघर ठेवायलाच लावलं. खोटी फुशारकी नको म्हणून हेही सांगते, की त्याच काळात गिरण्यांतून बायाच कमी कमी केल्या गेल्या. काही पोरांच्या आया अशाही घरी आल्या.

अफूच्या गोष्टी सांगणारे दुसरे म्हणजे माझे नानामामा. दारूबंदी खात्यात कारकून. त्यांच्याकडे येणारी अफू म्हातारी होती. म्हणजे खाणारे म्हातारे होते. १९४९ मध्ये केंद्र आणि राज्यांनी मिळून ठरवलं होतं, की औषधाव्यतिरिक्तची अफू दर वर्षी घटवत घटवत दहा वर्षांत बंद करायची. १ एप्रिल १९५९ पासून ती बंद झाली, मात्र नोंदलेल्या व्यसनींना डॉक्टरच्या दाखल्यावर परवान्याची अफू मिळत राहिली. नानामामा त्या परवान्यांच्या नोंदी लिहीत. महिन्याला ठरलेली मात्रा, सही किंवा अंगठा. "एखादा म्हातारा महिन्याला आला नाही," ते सांगायचे, "तर मी शिपायाला म्हणायचो, जा रे, बघून ये जिवंत आहे का." सरकारी काम ते; शिपायाला बघायला पाठवा असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं.

आता माझ्यावर आलेली पाळी सांगते. १९८२ चा गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मोडला, आणि चाळीत गर्द, म्हणजे हेरॉइनची पूड, आली. तोवर 'गर्दुल्ला' हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. दोन वर्षांत तो शिवीसारखा रुळला. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा, बाप संपात घरी बसलेला, सकाळी जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसला होता. मान छातीवर, घोरल्यासारखा आवाज. मला ऑफिसची लोकल गाठायची होती. साडी सावरून मी त्याला ओलांडून गेले. संध्याकाळी आले तेव्हा चाळीखाली माणसं जमलेली. आजी तेव्हा पंचाहत्तरीची, गॅलरीतून खाली बघत उभी. मी सगळं सांगितलं. ती मला रागे भरली नाही. एवढंच विचारलं, "नाकाशी हात धरलास?"

२०१८ मध्ये लेकीकडे कॅनडात गेले. ती बर्नबीला राहते. तिथून व्हँकूव्हरच्या डाउनटाउनला जाणारी बस हेस्टिंग्ज रस्त्यानं जाते. "खिडकीबाहेर फार बघू नकोस," लेक म्हणाली. मी बघितलंच. फुटपाथवर कमरेत वाकून उभ्याउभ्या झोपलेली माणसं, सामानाच्या ढकलगाड्या, आणि एका इमारतीवर पाटी: इनसाइट.

सप्टेंबर २००३ पासून देखरेखीखाली नशा घ्यायची ही जागा चालू आहे, उत्तर अमेरिकेतली सरकारमान्य अशी पहिली. माणूस आपली नशा आपण आणतो. आत त्याला फक्त स्वच्छ सुई मिळते, आरशासमोरची एक बैठक मिळते आणि लक्ष ठेवायला परिचारिका असते. श्वास मंदावला तर ऑक्सिजन, तरीही नाही तर नॅलोक्सोन. हेरॉइन, अफू, फेंटॅनिल ही सगळी एकाच घराण्यातली. मेंदूला श्वास घ्यायची आठवण राहत नाही, माणूस त्यानं मरतो. नॅलोक्सोन ती आठवण परत आणतं, पण ते टोचायला किंवा नाकात फवारायला दुसरं माणूस लागतं. बेशुद्ध माणूस स्वतःला वाचवू शकत नाही, सगळा मामला एवढ्यावर येऊन ठेपतो. त्या खोलीत जास्त मात्रा झालेली माणसं हजारोंनी सापडली आणि आत मेलं कोणी नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०११ साली आलेल्या अभ्यासात, इनसाइटच्या ५०० मीटरच्या आतले जास्त मात्रेचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटलेले दिसले. उरलेल्या शहरात घट ९ टक्क्यांच्या आसपास.

कायद्याची कथा मात्र खोलीसारखी शांत नाही. तिथल्या अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ५६ आहे. त्याखाली मंत्री सूट देतो, तेव्हाच अशी खोली चालते. पुढचं सरकार आलं, त्याला ही सूट नको झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० सप्टेंबर २०११ ला नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, की सूट नाकारणं म्हणजे माणसाच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे. सरकारनं हार मानली, पण पुरती नाही. २०१५ मध्ये नवा कायदा करून परवानगीसाठी २६ अटी घातल्या. २०१७ मध्ये पुढच्या सरकारनं त्या पाचावर आणल्या. माणसांचे श्वास चालू ठेवायचे की नाही हे अटींच्या संख्येवर ठरतं, हे वाचून मला नानामामांची नोंदवही आठवली.

आणि ऑन्टारिओ प्रांतानं २०२४ मध्ये कायदा केला, की शाळा किंवा पाळणाघरापासून २०० मीटरच्या आत अशी खोली नको. ३१ मार्च २०२५ पर्यंत बंद करा. पाळणाघर हा शब्द वाचून मी थांबले. आजीच्या खोलीत दोन्ही एकच होती. आईबापांची भीती मला कळते. शाळेच्या दारात सुई पडलेली कोणाला चालेल? पण खोली बंद झाल्यानं सुई नाहीशी होत नाही, ती जिन्याच्या वळणावर जाते. ते वळण मी पाहिलेलं आहे.

या खोल्या रामबाण आहेत, असंही मी म्हणणार नाही. व्हँकूव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात फेंटॅनिल आल्यावर २०१६ च्या एप्रिलमध्ये आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली आणि पुढे वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मेली. बरीचशी घरात, एकेकटी. एक आजी एका मजल्याला पुरते, शहराला नाही.

आपल्याकडे अशी एकही खोली नाही. आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा हेरॉइन घेणाऱ्याला कलम २७ खाली वर्षभरापर्यंत तुरुंगात टाकू शकतो. त्याच कायद्याचं कलम ७१ सांगतं, की सरकारला व्यसनींसाठी केंद्रं काढता येतील आणि नोंदलेल्या व्यसनींना अटींवर अमली पदार्थ पुरवताही येतील. नानामामा असते तर म्हणाले असते, अरे, ही तर आमचीच वही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर जिन्यात, फलाटावर, पुलाखाली कोणी मान टाकून बसलेलं दिसलं, घोरल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ओलांडून जाऊ नका. नाकाशी हात धरा, हाक मारा, हलवा. जागं होत नसेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत तिथंच थांबा.