माँटिसेलोची दुसरी वंशावळ

जुन्या घराण्यांत कुळवृत्तांत जपण्याची रीत आहे. मूळ गाव कोणते, पूर्वज कोणत्या सरदाराबरोबर देशाबाहेर पडले, वाडा कधी बांधला, हे आपण मुलानातवंडांना अभिमानाने सांगतो. परंतु मालकाच्या वहीत ज्यांचे बहुधा केवळ पहिले नावच लिहिले जाई, त्या कुटुंबांनी आपला वृत्तांत कसा जपला असेल? अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील अशीच एक हकीकत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शार्लट्सव्हिल गावाजवळच्या टेकडीवर माँटिसेलो ही प्रसिद्ध वास्तू उभी आहे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफर्सन यांचे हे निवासस्थान. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्या जेफर्सन यांनी शेतीचीही एक वही ठेवली होती. तीत गुलामांची नावे, जन्मवर्षे आणि कोणाला किती कापड, किती कांबळी, किती मासळी दिली याचे हिशेब आहेत. त्यांच्या हयातीत सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती.

त्यांपैकीच जोसेफ फॉसेट हा लोहार आणि त्याची पत्नी ईडिथ. ईडिथला १८०२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, फ्रेंच पाककला शिकण्यासाठी वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी नेण्यात आले. १८०६ मध्ये जोसेफ कोणालाही न सांगता तिला भेटण्यासाठी माँटिसेलोहून निघून गेला. मालकाने पाठविलेल्या माणसाने त्याला पकडून परत आणले.

जेफर्सन ४ जुलै १८२६ रोजी वारले, तेव्हा त्यांच्यावर एक लाख डॉलर्सहून अधिक कर्ज होते. मृत्युपत्रात त्यांनी पाच जणांना मुक्त केले होते. जोसेफ त्यांत होता. ईडिथ व मुले नव्हती. जानेवारी १८२७ मध्ये वाड्याच्या सामानाबरोबर १३० माणसांचा लिलाव पुकारण्यात आला आणि फॉसेट कुटुंब निरनिराळ्या बोली लावणाऱ्यांच्या हाती गेले. लोहारकामाच्या कमाईतून आणि आप्तांच्या साहाय्याने जोसेफने पुढील काही वर्षांत पत्नी व काही मुले विकत घेऊन मुक्त केली. अकरा वर्षांच्या पीटरला मात्र नवा मालक सोडीना. पीटर चोरून लिहायला-वाचायला शिकला; खोटे परवाने लिहून त्याने इतरांना पळून जाण्यास मदत केली. १८५० च्या सुमारास तो मुक्त होऊन सिनसिनाटीस आपल्या माणसांत गेला व तेथे धर्मोपदेशक झाला. १९०० साली, वृद्धापकाळी, त्याने माँटिसेलोला पुन्हा पाय लावला.

या कुटुंबांच्या आठवणींना विद्वानांनी दीर्घकाळ मोल दिले नाही. जोसेफची मावशी सॅली हेमिंग्स हिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतील एका वृत्तपत्राला, आपले वडील जेफर्सन होते, असे सांगितले. त्याचे म्हणणे शतकभर झिडकारले गेले. १९९८ च्या जनुकीय चाचणीनंतर वास्तूचे जतन करणाऱ्या संस्थेने २००० साली त्याला अनुकूल असा निष्कर्ष काढला. काही अभ्यासक आजही असहमत आहेत. त्याच संस्थेने १९९३ पासून गुलामांच्या वंशजांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. मालकाची वही आणि वंशजांच्या तोंडची हकीकत शेजारी शेजारी ठेवल्यावर एकेक कुटुंब पुन्हा जुळू लागले.

आपल्या वाचकांचा या दूरच्या हकीकतीशी काय संबंध? मॅडिसनने आपली कहाणी सांगितली त्याच १८७३ साली जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस त्यांनी ते अर्पण केले. आपल्या समाजातील दास्य त्यांना तिकडच्या दास्याशेजारी ठेवून पाहावेसे वाटले, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने गुलामीचा न्यायालयीन आधार काढून घेतला, तोवर अनेक प्रतिष्ठित घरांत त्या राबत होत्या.

आपल्या कुळवृत्तांतांत वाडा, इनाम, सनदा असे सर्व काही असते. परंतु त्या वाड्यात दळण दळणारी, पाणी भरणारी, बाळंतिणीची सेवा करणारी कोण होती, हे त्यांत क्वचितच असते. आमच्याही घरच्या जुन्या चोपड्या आम्ही त्या दृष्टीने कधी चाळल्या नव्हत्या, हे कबूल केले पाहिजे. माळ्यावरच्या पेटीत अशी एखादी चोपडी अजून असेल, तर धान्याच्या व लुगड्यांच्या हिशेबात कोठे तरी एखादे नाव आढळेल. ते उतरवून घ्यावे आणि आपल्या वंशावळीच्या पानालगत लिहून ठेवावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.