पाण्यावरचा तवंग

बीडजवळच्या खजाना विहिरीचे पाणी भूमिगत बोगद्यांतून येते आणि तसेच जमिनीखालून पुढे जाते; उन्हाला दिसते ते फक्त विहिरीचे तोंड. सोळाव्या शतकात, निजामशाहीत, सलाबतखानाच्या काळात राजा भास्कराने ती बांधली. पाण्याची वाफ होऊ नये हाच त्याचा हेतू होता असे म्हणायला आधार नाही. पाणी उताराने आपोआप वाहावे एवढेच त्याच्या मनात असेल. परिणाम मात्र झाकून ठेवल्याचाच झाला. विसाव्या शतकाने याच जिल्ह्यात पाणी उघड्यावर पसरले. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण झाले, त्यात सुमारे २२४ दलघमी पाणी मावते. मराठवाड्यात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या उन्हावाऱ्याने वर्षाला दीड-दोन मीटर खाली जाते आणि बीडला पाऊस पडतो सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर. आकाश देते त्याच्या दुपटीहून अधिक परत नेते.

या हिशेबावर रसायनशास्त्राने काढलेला तोडगा होता तवंगाचा. सेटिल अल्कोहोल हे मेणासारखे पांढरे द्रव्य चेहऱ्याच्या क्रीममध्येही असते. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि लांब शेपूट हवेकडे उभे राहते. असे रेणू दाटीने उभे राहिले की वाफेला बाहेर पडायला फारशी फट उरत नाही. थराची जाडी एका रेणूएवढी, म्हणजे साधारण दोन नॅनोमीटर. असा थर बाष्पीभवन रोखतो हे रिडिअलने १९२५ मध्ये दाखवले, लँगम्यूर आणि शेफर यांनी १९४३ मध्ये ते नेटके मोजले आणि पन्नाशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात मॅन्सफिल्डने तो प्रयोग जलाशयावर नेला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या देव, कुलकर्णी, घारपुरे आणि बिस्वास यांचा याच विषयावरचा निबंध १९६२ चा. अडचण अशी की सोळा कार्बनांच्या सेटिलपेक्षा अठरा कार्बनांचे स्टिअरिल अल्कोहोल वाफ जास्त अडवते, पण पाण्यावर सावकाश पसरते. घट्टपणा हवा तर चपळाई जाते. म्हणून दोन्हींचे मिश्रण करायचे, किंवा पुण्याने तपासली तशी अल्कॉक्सी इथेनॉलसारखी वेगळी द्रव्ये शोधायची.

पेच तोच राहिला तरी पाण्याऐवजी माणसाचे फुप्फुस घेतले की निकाल वेगळा लागतो. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटून जातात, कारण आतल्या ओलाव्याचा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य पुरेसे नसते, हे एव्हरी आणि मीड यांनी १९५९ मध्ये ओळखले. त्या द्रव्यातला मुख्य मेद, डीपीपीसी, दाबला की कडक थर देतो, पण एकटा पसरायला मंद. निसर्ग त्यात इतर मेद आणि प्रथिने मिसळतो. १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘एक्सोसर्फ’ या कृत्रिम औषधात त्या मेदाला पसरवण्यासाठी जे घातले होते ते सेटिल अल्कोहोलच, जलाशयावर टाकलेले तेच. फुप्फुसात वारा नाही, किनारा नाही. दर श्वासाला थर दाबला जातो, पुन्हा पसरतो आणि पेशी नवा माल पुरवत राहतात. जलाशयावर यातले काहीच नाही. वारा थर एका काठाला ढकलतो, लाटा तो फोडतात, जिवाणू तो खातात आणि वाफ अडल्यामुळे पाणी गार होत नाही, उलट तापते. प्रयोगशाळेत निम्म्याहून जास्त वाफ वाचते. उघड्यावर वीस-तीस टक्के वाचली तरी भरपूर.

वीस टक्के काय थोडे आहेत, असे कोणी विचारेल. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा थेंबाला मोल होते. खरे आहे. पण धरण भरलेले असताना अफाट पृष्ठभागावर रोज द्रव्य टाकण्याचा खर्च मोठा, आणि ते आटत आल्यावर वाचवायला पाणीच नाही. म्हणून माझ्या मते दोष रसायनाचा नव्हे, जागा चुकली. तवंगाला हवे ते लहान, बांध घातलेले, वाऱ्याला आड असलेले पाणी. तसे पाणी आज बीडमध्ये जागोजागी शेततळ्यांत आहे. त्यावर तवंग टाकून पाहावा, पण त्याने मूळ चूक झाकू नये. पावसाचे पाणी साठवायला काढलेल्या अनेक तळ्यांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी उपसून भरले जाते, म्हणजे भूगर्भात सावलीत असलेले पाणी उन्हात आणून ठेवले जाते. राजा भास्कराने केले त्याच्या हे नेमके उलट आहे.