दिनविशेष : ५ एप्रिल
केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई यांचा आज स्मृतिदिन. संस्कृत विदुषी म्हणून नावाजलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. भारतात परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात हलवले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी शेकडो निराधार मुली-बायका सोबत आणल्या. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या, मळा फुलवला आणि तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या वस्तीचे जीवन प्रार्थना आणि कष्ट या दोहोंवर चाले. विणकाम, तेलघाणा, दुग्धालय, शेती अशी कामे बायकाच सांभाळत. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. १९०५ मध्ये येथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीची दखल परदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांनीही घेतली.

सामान्य बाईला वाचता यावे म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी केले.

५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशनचे कार्य आजही केडगाव येथे सुरू आहे.